खेळाची राखण

शाळा सुटते तेव्हा आई सुटत नाही. सिल्वासाच्या आसपासच्या गावांतलं हे जुनं दुखणं. दादरा आणि नगर हवेली 1954 साली पोर्तुगिजांच्या हातून सुटली, 1961 साली रीतसर भारतात आली, आणि पुढे करसवलतींच्या ओढीने इथे सुताचे, प्लास्टिकचे कारखाने उभे राहिले. भाताच्या लावणीला जाणाऱ्या बायका हळूहळू पाळीला जाऊ लागल्या. लावणीच्या वेळी पोर बांधावर ठेवता येत होतं. कंपनीच्या गेटातून पोराला आत सोडत नाहीत. 1948 च्या कारखाने कायद्याने बायकामाणसं जास्त असतील तिथे पाळणाघराची अट घातली, पण ती सहा वर्षांखालच्या मुलांपुरती. सहा पुरी झाली की पोर कायद्याच्या लेखी शाळेचं झालं. शाळेच्या आधीचा तासभर आणि शाळेनंतरचे दोन-तीन तास ते कुणाचं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

किलवणीतल्या एका मराठी शाळेने हे तास आपल्या अंगावर घेतले, त्याची ही गोष्ट. बोधकथा आहे, म्हणून माणसांची नावं दिलेली नाहीत. पोरं त्यांना जी हाक मारत, तीच इथे आहे.

शाळेच्या मागच्या पडवीत आणि पडवीपुढच्या मोकळ्या जागेत हा वर्ग भरे. सकाळी पाळीला जाताना आया पोरांना इथे सोडत, शाळा भरली की पोरं वर्गात जात, शाळा सुटली की पुन्हा इथेच येत आणि अंधार पडता पडता आई आली की घरी जात. वर्गाला पाटी नव्हती. शाळेच्या अलीकडे आणि पलीकडे भरतो म्हणून पोरं त्याला अल्याडपल्याड म्हणत. पोरंही सगळ्या घरची: वारली, धोडिया, कोकणा, शिवाय चाळीत राहणारी बिहार-ओडिशाकडची. घरी भाषा वेगवेगळ्या, पण डाव मांडताना सगळ्यांची मिळून एकच चौथी-पाचवी भाषा तयार होई.

वर्ग सांभाळत त्या मोठ्या बाई. कोसबादला बालवाडीचं शिक्षण घेतलेल्या. गुडघे आता कुरकुरत होते, म्हणून शाळेने त्यांच्या हाताखाली एक नवी मुलगी घेतली. तिने शिकून तयार व्हायचं आणि मग वर्ग चालवायचा, असं ठरलं. पोरं तिला पहिल्याच दिवशी नवी ताई म्हणू लागली.

नवी ताई डी.एड. झालेली, हुशार, कामाला वाघ. येतानाच ती शिट्टी, चुन्याची फक्की आणि मोठ्या कागदावर रंगीत पेनांनी आखलेलं वेळापत्रक घेऊन आली. पाच ते साडेपाच लंगडी. साडेपाच ते सहा लगोरी. सहा ते साडेसहा बौद्धिक खेळ. मग अभ्यास आणि प्रार्थना.

बाईंनी वेळापत्रक वाचलं. “अक्षर छान आहे गं तुझं,” म्हणाल्या आणि घडी घालून कपाटात ठेवलं. “महिनाभर हे माझ्याकडे राहू दे. शिट्टीही ठेव. उद्या सकाळी सहाला ये.”

“सहाला? मुलं तर सातला येतात ना, बाई?”

“म्हणूनच.”

दुसऱ्या दिवशी सहाला बाई हातात वेळूची काठी घेऊन उभ्या होत्या. शिकवणी सुरू झाली ती मैदानाच्या फेरीने. आधी कुंपणाची कड: रात्री कुणी बाटली फोडली आहे का. मग पाण्याची टाकी: झाकण घट्ट आहे का, खाली शेवाळ धरलंय का. मग गवत: पाऊस नुकताच सरला होता, फुरसं वेटोळं घालून बसलं तर वाळल्या पानांत दिसत नाही, म्हणून आधी काठी आपटायची, मग पाय टाकायचा. शेवटी कोपऱ्यातला भंगाराचा ढीग. सूत गुंडाळायचे पुठ्ठ्याचे कोन, लांब नळ्या, गोणपाट, जुने टायर, दोरखंड, फुटक्या लाकडी फळ्या. बाई एकेक फळी उलटी करून खिळे चाचपत होत्या. एक वाकडा खिळा दगडाने ठोकून आत बसवला. कोनांच्या ढिगात काठी घालून ढवळलं, तेव्हा विंचवाचं एक पिल्लू बाहेर आलं. बाईंनी ते पत्र्यावर घेतलं आणि कुंपणापलीकडे टाकलं.

“हे सगळं कंपन्यांतून आणलंय?” ताईने विचारलं.

“मागून आणलंय. आया आणतात, टेम्पोवाले आणतात. एक लक्षात ठेव, केमिकलचा ड्रम कितीही धुतला, कितीही मोठा नि देखणा असला, तरी आत घ्यायचा नाही. धुतला असं सांगणाऱ्याने कशाने धुतला ते आपल्याला माहीत नसतं.”

ताई आंब्याखाली थांबली. “बाई, झाडावर चढायची बंदीच करून टाकू या का?”

बाईंनी वर बघितलं, एका फांदीवर काठीने ठोकलं, आवाज ऐकला. मग पडवीतून कोयता मागवून शाळेच्या शिपाईदादांकडून ती फांदी उतरवून घेतली. आतून वाळवीने पोखरली होती.

“पोराला दिसतो तो धोका पोराचा,” बाई म्हणाल्या. “त्याला दिसत नाही तो आपला. उंची पोराला दिसते. पोटात गोळा येतो, मग ते आपोआप खालच्या फांदीवर थांबतं. उद्या अजून एक फांदी चढेल. पण वाळवी त्याला दिसत नाही. ती बघायचा पगार आपल्याला आहे.”

ताईने हे वहीत लिहून घेतलं. पण मनातून तिला हे भंगार काही रुचलं नव्हतं. तिने दुपारी विषय काढलाच. “बाई, देणगी मागितली तर चांगली घसरगुंडी येईल, झोपाळा येईल. हे म्हणजे रद्दीचं दुकान दिसतं.”

तेव्हा बाईंनी तिला डेन्मार्कची हकिकत सांगितली. कोपनहेगनजवळ एमड्रुप नावाच्या वस्तीत 1943 साली, देशावर जर्मनांचा ताबा असताना, एक विचित्र मैदान उघडलं. सोरेन्सन नावाचा बागांची आखणी करणारा एक माणूस होता. त्याने आखलेल्या सुबक मैदानांपेक्षा पोरं बांधकामाच्या जागी, विटा-फळ्यांच्या ढिगात जास्त रमतात, हे त्याने पाहिलं होतं. म्हणून तिथे घसरगुंडीऐवजी फळ्या, विटा, दोर आणि हत्यारं ठेवली. राखायला एक माणूस नेमला, जॉन बर्टेलसन त्याचं नाव. पोरांना काय करायचं ते त्याने सांगायचं नव्हतं. त्याने फक्त असायचं होतं. लढाई संपल्यावर लेडी ॲलन या बाईंनी ते मैदान पाहिलं आणि बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या लंडनच्या मोकळ्या जागांवर तशी मैदानं उभी करायचा ध्यास घेतला. पुढे इंग्लंडात या कामाचा पेशाच झाला. तिथे शाळेच्या आधी नि नंतर चालणाऱ्या वर्गांत अशी माणसं असतात, त्यांना शिक्षण असतं, प्रमाणपत्र असतं.

“घसरगुंडीवर घसरता येतं. बास,” बाई म्हणाल्या. “कोनाचं काय होतं ते तू संध्याकाळी बघ.”

संध्याकाळी ताईने पाहिलं. एका कोनाची आधी दुर्बीण झाली, मग भोंगा झाला, मग तो नवरदेवाचा टोप झाला आणि शेवटी तीन पोरांनी मिळून शंभरेक कोन एकावर एक रचून त्यांची भिंत केली. भिंत पडली तेव्हा टाळ्या वाजल्या. लगेच पुन्हा रचायला घेतली.

बाईंनी पुढचं काम दिलं ते बसायचं. आंब्याखालच्या दगडावर बसायचं, आणि काय दिसलं ते वहीत लिहायचं. काय वाटलं ते लिहायचं नाही.

पहिल्या दिवशी ताईने लिहिलं: ‘मुले गोंधळ घालत आहेत. शिस्त नाही.’ बाईंनी दोन्ही वाक्यांवर रेघ मारली. “गोंधळ डोळ्यांना दिसत नाही. डोळ्यांना काय दिसलं?”

दुसऱ्या दिवशी तिने लिहिलं: ‘सहा मुलं ठिकरी खेळत होती. एकीचा पाय रेघेला लागला की नाही यावरून वाद. बराच वेळ भांडण. मग डाव परत घेतला.’ बाईंनी मान डोलावली.

बसून बसून ताईला एक गोष्ट ध्यानात येऊ लागली. पोरं जेवढा वेळ खेळत, जवळजवळ तेवढाच वेळ नियमांवर भांडत. आणि भांडण मिटवायला ती उठणार, तेवढ्यात ते मिटलेलं असे. राज्य कुणावर, भिडू कोण वाटणार, टाइमप्लीज कितीदा चालेल, रडीचा डाव खेळणाऱ्याला पुढच्या वेळी घ्यायचं की नाही, या सगळ्याची कचेरी पोरंच चालवत होती. निकाल नेहमी बरोबर असे असं नाही. पण तो सगळ्यांनी मिळून दिलेला असे.

तरी एकदा तिला राहवलं नाही. लगोरीचा डाव रंगला होता. त्यात बारक्या होता. आठ वर्षांचा, काटक, कमी बोलणारा. त्याच्या कडेवर कायम त्याची धाकटी बहीण असे. दोन वर्षांची, आई पाळीला, घरी दुसरं कुणी नाही, म्हणून भावाच्या कडेवरच तिचं घर. खेळताना तो तिला खाली ठेवी आणि ती दुडुदुडु मधेमधे फिरे. त्या दिवशी चेंडू नेमका तिला लागला. कुणी काही बोललं नाही, डाव पुढे चालू राहिला.

ताई उठून आली. “थांबा. तिला चेंडू लागला. ती आउट आहे. नियम सगळ्यांना सारखा पाहिजे.”

डाव थांबला. पोरं एकमेकांकडे बघू लागली. धाकटीला कळलं एवढंच की सगळे आपल्याकडे बघतायत, आणि तिने भोकाड पसरलं. बारक्याने तिला उचललं आणि निघून गेला. तेव्हा एक मोठी मुलगी हळूच म्हणाली, “ताई, ती कच्चं लिंबू आहे.”

कच्च्या लिंबाला चेंडू लागला तरी ते बाद होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही, पण ते डावात असतं. सगळ्यात लहान पोराला बाहेर न काढता खेळात कसं ठेवायचं, हा प्रश्न या पोरांनी केव्हाच सोडवून ठेवला होता. ताईही लहानपणी कच्चं लिंबू होती. मोठी झाल्यावर विसरली होती.

त्या संध्याकाळी आया पोरांना घेऊन गेल्यावर बाई पडवीच्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी कोसबादची गोष्ट काढली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ 1945 साली बोर्डीला आल्या, ग्रामीण बालशिक्षणाचं केंद्र काढलं. बालवाडी थाटली तर वस्तीवरची पोरं येईनात. मग त्यांनी पोरांची वाट बघणं सोडलं आणि वस्तीतल्या अंगणातच वर्ग भरवला. पुढे 1957 साली केंद्र डहाणू तालुक्यातल्या कोसबादच्या टेकडीवर गेलं, वारली पाड्यांच्या मधोमध. तिथे दुसरी अडचण. मोठी पोरं शाळेत यायला तयार, पण कडेवरच्या भावंडाचं काय? ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिचं नाव विकासवाडी. भावंडाला पाळण्यात ठेवा, मधल्याला बालवाडीत सोडा, तुम्ही वर्गात बसा. गुरं राखणारी पोरं तरीही येईनात, तर शिक्षकच कुरणात गेले. गुरं चरतायत, पोरं शिकतायत. ती कुरणशाळा.

“अनुताईंकडे मी शिकले ते एवढंच,” बाई म्हणाल्या. “आधी पोराचं जगणं बघायचं, मग आपला वर्ग त्यात बसवायचा. बारक्याची बहीण आपल्या हजेरीत नाही. पण तिला घरी ठेव म्हणालो तर बारक्याही येणार नाही. हे पोरांना कळलंय, म्हणून त्यांनी तिला कच्चं लिंबू केलंय. तू नियम सांगितलास. त्यांनी माणूस सांभाळलं.”

ताई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने बारक्याला गाठून सांगितलं, “धाकटीला घेऊन खेळायला ये रे. तिच्या डावात मी बोलणार नाही.” बारक्या “बरं” म्हणाला आणि आला.

दिवाळी झाली. बारक्या काही दिवस दिसला नाही. मग आयांकडून कळलं: एका कारखान्यात त्याच्या बापाचा हात मशिनीत गेला. सिल्वासाच्या सिव्हिलमध्ये नेलं, हात वाचला, दोन बोटं गेली.

बारक्या परत आला तो आणखी गप्प. शाळेनंतर पोरांनी ‘कंपनी-कंपनी’ मांडली. हा त्यांचा नेहमीचा खेळ. दोन टायर म्हणजे गेट. एक जण वॉचमन, तो प्रत्येकाचे खिसे तपासी. एक जण सुपरवायझर, तो विनाकारण ओरडे. बाकीच्यांनी कोन उचलून इकडून तिकडे न्यायचे. आजवर हा खेळ भोंगा होऊन पाळी सुटली की संपे. त्या दिवशी बारक्या म्हणाला, “मी मशीन.”

त्याने दोन नळ्या हातात धरल्या आणि घर्रर्र करत दोन्ही हात गरागरा फिरवू लागला. एक पोरगा कोन द्यायला जवळ आला. बारक्याने नळ्या टाकल्या आणि त्याचा हात दोन्ही हातांनी पकडला. पोरगा किंचाळला. इतरांनी धावत येऊन त्याला गोणपाटावर घातलं आणि चौघांनी चार टोकं धरून “सिव्हिल, सिव्हिल” ओरडत मैदानाला चक्कर मारली.

ताईच्या अंगावर काटा आला. ती धावत गेली. “बारक्या, असलं खेळायचं नाही. वाईट असतं ते. चला, सगळे गोल बसा, आपण छान गाणं म्हणू.”

पोरं बसली. गाणं झालं. बारक्या टाकीमागे जाऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवशी तो पडवीत भिंतीकडे तोंड करून बसला आणि धाकटी त्याच्या पाठीला टेकून बसली.

बाईंनी वही मागितली. “कालचं काय लिहिलंस?”

“बाई, लिहिलं नाही. थांबवलं. त्याच्या बापाचंच होतं ते सगळं. त्याला किती त्रास झाला असता.”

“त्रास त्याला झालेलाच आहे. खेळून तो वाढत होता की उतरत होता, हे बघायला तू थांबलीस का?”

“मग काहीही खेळू द्यायचं? थांबवायचं तरी कधी?”

बाईंनी तीन बोटं दाखवली. “कुणाला खरं लागत असेल तर. कुणाला मनाविरुद्ध खेळवत असतील तर. आणि खेळणाऱ्या पोराचं तोंड बघ, ते खेळातून बाहेर येऊन आपल्याला शोधत असेल तर. या तिन्ही वेळी एक क्षण थांबू नकोस. काल यातलं काय होतं?”

ताईने आठवून पाहिलं. किंचाळणारा पोरगा गोणपाटावर झोपून हसत होता. बारक्या हसत नव्हता, पण त्याचे डोळे कुणाला शोधतही नव्हते. ते मशिनीवर खिळलेले होते.

“भात पोटरीत आला की राखणदार माळ्यावर चढतो,” बाई म्हणाल्या. “डुक्कर आलं तर आरोळी ठोकतो, पाखरं उतरली तर गोफण फिरवतो. पण एरवी शेतात उतरत नाही. उतरला तर त्याच्याच पायाखाली भात तुडवला जातो. तू माळ्यावर राहा.”

खेळ मोडायला एक शब्द पुरतो. मोडलेला खेळ जुळायला दिवस जातात. ताईने बारक्याला खेळ म्हणून सांगितलं नाही. तिने फक्त कोनांचा ढीग पडवीच्या जवळ, त्याच्या हाताला येईल असा सरकवून ठेवला आणि आपण आंब्याखाली जाऊन बसली. बारक्याने तिच्याकडे दोन-तीनदा चोरून पाहिलं. ती वहीत बघत राहिली. मग एका संध्याकाळी टायरांचं गेट पुन्हा उभं राहिलं.

ताईच्या वहीतल्या पुढच्या नोंदी अशा आहेत.

‘बारक्या मशीन. तीन जणांचे हात पकडले. तीनदा सिव्हिल.’

‘आज मशीन दुसरा. बारक्या कामगार. हात पकडल्यावर ओरडला नाही. सोडवून घेतला, बघितला, परत मशिनीत घातला.’

‘बारक्या सुपरवायझर. ओरडतो: मशीन बंद करायचं नाही, माल जायचाय. सगळे घाबरून कोन उचलतात.’

‘बारक्याने कुठून तरी बाटलीचं लाल झाकण आणलं. मशिनीच्या कोनावर चिकणमातीने चिकटवलं. धाकटीला शेजारी बसवलं. मशिनीने हात पकडला की तिने झाकण दाबायचं. तिने दाबलं. सगळी कंपनी जागच्या जागी थांबली. मशीन, वॉचमन, सुपरवायझर, सगळे. धाकटी हसली. तिने परत दाबलं. बारक्या हसला.’

त्या शेवटच्या नोंदीनंतर कंपनीचा खेळ कंपनीचा राहिलाच नाही. धाकटीने झाकण दाबायचं आणि सगळ्यांनी पुतळे व्हायचं, असा त्याचा स्टॅच्यू झाला. हललं त्याच्यावर राज्य. कच्च्या लिंबाच्या हातात सगळ्या डावाची कळ आली.

एकदा पाणी प्यायला आलेल्या बारक्याने विचारलं, “ताई, खऱ्या मशिनीला लाल बटण असतं?”

“असतं.”

“मग बाबाने दाबलं का नाही?”

ताईच्या तोंडाशी चार धीराची वाक्यं आली. ती तिने गिळली. “मला ठाऊक नाही रे. तू बाबांनाच विचार.”

बाप आता घरीच होता, पोरांना न्यायला तोच येऊ लागला होता. हात गळ्यात बांधलेला. बारक्याने त्याला हात धरून आपल्या मशिनीपाशी आणलं, झाकण दाखवलं आणि विचारलं. बाप उकिडवा बसला. खूप वेळ त्या पुठ्ठ्याच्या मशिनीकडे बघत राहिला. मग म्हणाला, “बटण पलीकडच्या बाजूला होतं. हात पोचला नाही.”

दुसऱ्या दिवशी बारक्याच्या मशिनीला चारी बाजूंनी चार लाल झाकणं होती.

हे उत्तर बारक्याला कुणी शिकवलं नव्हतं. गाण्यातून ते आलं नसतं, ‘कारखान्यातील सुरक्षितता’ असा धडा घेतला असता तर त्यातूनही आलं नसतं. घडलेली गोष्ट त्याने सगळ्या बाजूंनी खेळून पाहिली. आधी मशीन होऊन, मग हात होऊन, मग ओरडणारा होऊन. आणि शेवट त्याने स्वतः बदलला. ताईने एवढंच केलं की शेवट होईपर्यंत ती मधे पडली नाही. आणि रोज सकाळी फळ्यांतले खिळे बघितले.

महिना संपला. बाईंनी कपाटातून वेळापत्रक काढून दिलं. ताईने ते उलटं केलं. मागची बाजू कोरी होती. तिच्यावर तिने सकाळच्या फेरीची यादी लिहिली: काच, झाकण, गवत, फांदी, खिळे, विंचू. कागद पडवीत लावला. शिट्टी मात्र गळ्यात ठेवली, टाकीकडे कुणी वाकलं तर वाजवायला.

परीक्षा व्हायची राहिली होती, ती एका आईने घेतली. पाळीहून दमून आलेली बाई. तिने ताईला रोज दगडावर बसलेलं पाहिलं होतं. ती फटकन म्हणाली, “ताई, आमी बारा तास उभं राहतो. तुमी नुसत्या बसता. अभ्यास तरी घ्या पोरांचा. पगार कशाचा घेता?”

ताईला राग आला नाही. तिने वही उघडली. “तुमची मुलगी आज पहिल्यांदा तिसऱ्या फांदीवर चढली. आधी दोनदा चढून उतरली होती. वरून तिने तुमची बस ओळखली. ठिकरीत ती हरली, तेव्हा रडून डाव मोडला नाही, पुढच्या डावाला थांबली. चाळीतल्या नव्या मुलीला मराठी येत नाही, तिला तिने हातवारे करून राज्य म्हणजे काय ते समजावलं.”

आई गप्प झाली. मग म्हणाली, “घरी एवढं काय सांगत नाही ती.” आणि दुसऱ्या दिवशी कंपनीतून येताना गोणीभर कोन घेऊन आली.

बाईंनी त्या दिवसापासून सकाळची काठी ताईच्या हाती दिली.

तात्पर्य: पोरांच्या खेळाला मालक लागत नाही, राखणदार लागतो. राखणदाराचं काम दिसत नाही म्हणून ते हलकं नसतं. वाळवी ओळखायला, खिळा ठोकायला आणि मुख्य म्हणजे बोलायची ऊर्मी आली असता गप्प बसायला शिकावं लागतं, आणि हे शिक्षण डी.एड.इतकंच खडतर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारात एकतिसावं कलम विश्रांतीचं नि खेळाचं आहे, आणि भारताने तो करार 1992 साली मान्य केला आहे. म्हणजे संध्याकाळचे हे तास पोराचे हक्काचे आहेत, आपण उदार होऊन दिलेले नव्हेत. तुमच्या गावात, चाळीत, सोसायटीत असा वर्ग चालत असेल तर तिथल्या ताईला ‘आज काय शिकवलं?’ असं विचारू नका. ‘आज काय पाहिलं?’ असं विचारा. आणि वर्ग नसेल, तर शाळेची मागची पडवी संध्याकाळी रिकामीच असते. चावी मागा.